भाकरीविना भरीत

बायांनो, डाएट म्हणजे काय ते मला यंदाच्या थंडीत कळलं.

माझा पोरगा पुण्याहून वर्षातून एकदा येतो, तोही भरतासाठी. मी सकाळीच कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजली, लाकडी बडगीत ठेचली, वर तेल सोडलं. तवा चढवला तर म्हणतो, "माय, भाकर नको करू. तपासणीत साखर वाढेल शे. नुसतं भरीतच वाढ."

"भाकरबिगर? वांगं रुसेल रे!"

हसला, पण ऐकलं नाही.

आधी कसं, मी तव्यावर भाकर टाकायची आणि ती फुगेपर्यंत तो चुलीपाशी बसून बोलायचा. नोकरीचं, नातवाचं, बायकोच्या तक्रारी, बठ्ठं, सगळंच. एक भाकर झाली की दुसरी, बोलणं चालूच. यंदा मी तवा उतरवला, तर त्याने घासामागून घास घेतले, पाणी प्यायला आणि उठलाच.

"भारी झायं माय. उजेड शे तवलग निघस मी."

"बस, च्या ठेवस."

"बिगर साखरना. आणि लवकर."

"हो रे," म्हटलं. आधण ठेवलं, आणि चुलीतलं एक लाकूड हळूच मागे ओढून घेतलं.