निळ्या रिबिनीची वीट

दर्शना : पप्पा, केबलला हात नका लावू! मध्येच सुटली तर वाट लागेल.

राजाराम : केबलला नाही लावत. टॅब पालथा घालतोय फक्त.

दर्शना : पालथा कशाला? मला स्क्रीन दिसायला पाहिजे.

राजाराम : तुला दिसू दे. मला नको. चालू झाला की पहिलं ते थोबाड येणार.

दर्शना : ते थोबाड तुमचंच आहे, पप्पा.

राजाराम : म्हणून तर. दुसऱ्याचं असतं तर शिवी घालून मोकळा झालो असतो.

दर्शना : एकदाच चालू करते. सेटिंगमध्ये जावंच लागेल. हवं तर कान झाका.

(टॅब सुरू होतो. त्यातून राजारामचाच सात वर्षांपूर्वीचा आवाज : "नमस्कार! मी राजाराम साळवे, मैत्री सोसायटीचा सेक्रेटरी. माझ्या हातात आहे आपल्या नव्या इमारतीची पहिली वीट! मी डोळे झाकून सही केली. तुम्ही कशाची वाट बघताय?")

राजाराम : थू! दात बघ कसे काढलेत. आणि केसांना कलप. त्या बिल्डरच्या पोराने लावून दिला होता, "साहेब, कॅमेऱ्यात पांढरे उठून दिसतात" म्हणून. साहेब! पोस्टात छत्तीस वर्षं टपाल छाटलं, कुणी साहेब म्हणालं नाही.

दर्शना : झालं, बंद केला.

राजाराम : माझ्या डोक्यात बंद होत नाही ना! अठ्ठावीस घरांत अठ्ठावीस टॅब वाटले त्याने. म्हणे घरबसल्या बांधकामाची प्रगती बघा. कसली प्रगती? घाटकोपरची बिल्डिंग पाडली, पत्रे ठोकले आणि पळाला. लोक कुठे कुठे भाड्याने पडलेत. आणि टॅब लावला की मी! रोज! अठ्ठावीस घरांत मी विचारतोय, कशाची वाट बघताय!

दर्शना : पुढे ढकलायची सोय पण नाही ठेवली. तीस सेकंद बघायलाच लागतं.

राजाराम : मालाडच्या त्या दुकानात दिला होता ना आपण? त्याने सगळं साफ करून दिला. घरी आणून लावला, तर मी परत हजर.

दर्शना : कारण त्याने नुसता रिसेट मारला. रिसेटने अ‍ॅप, फोटो जातात, पण सिस्टिम तीच राहते. आणि बिल्डरच्या लोकांनी तुम्हाला सिस्टिमच्या आतच बसवलंय. म्हणून मी सिस्टिमच बदलतेय. जुनी पूर्ण काढायची, दुसरी टाकायची. टॅब तोच, आतला कारभार वेगळा.

राजाराम : म्हणजे जुनी कमिटी बरखास्त.

दर्शना : तसंच समजा. आता हे बघा, आधी बूटलोडर उघडते. तो म्हणजे गेटवरचा वॉचमन. ओळखीची सिस्टिम असेल तरच आत सोडतो. टॅब बनवणाऱ्या कंपनीकडून कोड मागवलाय, तो दिला की गप्प बसेल. पण त्याबरोबर आतलं सगळं पुसलं जाणार. चालेल ना?

राजाराम : पूस. विचारतेस काय?

दर्शना : आणि एक सांगून ठेवते. मध्ये काही फसलं तर ब्रिक होतो.

राजाराम : म्हणजे?

दर्शना : वीट. मग कधीच चालू होत नाही, नुसता पडून राहतो.

राजाराम : वा! म्हणजे सात वर्षांत त्या माणसाकडून एक तरी वीट मिळेल.

दर्शना : हसताय तुम्ही.

राजाराम : हसत नाहीये, दर्शू. वीट आलाय मला. त्याच विटेचा वीट आलाय. तुला आठवतं का तो दिवस? भूमिपूजन होतं. सगळ्यांच्या विटांना हळदकुंकू. मी बाजूला उभा राहिलो, म्हटलं आपण बौद्ध, आपण ते करत नाही. तर तो बिल्डर स्वतः आला. माणूस पाठवून निळी रिबीन आणवली, विटेला बांधली आणि म्हणाला, "साळवेसाहेब, ही तुमच्यासाठी. तुम्ही मध्ये उभे राहा."

दर्शना : मला आठवतंय. तुम्ही घरी येऊन आईला तीनदा सांगितलं होतं.

राजाराम : चारदा. आयुष्यात पहिल्यांदा कुणी मला मध्ये उभं केलं होतं. इतका फुगलो होतो मी! आणि त्याने बरोबर ओळखलं, हा माणूस कितीला पडेल. एका रिबिनीला. आठवलं की ओकारी येते.

दर्शना : पप्पा, व्हॉल्यूमचं बटण दाबा. तुम्हीच दाबा. "सगळं पुसायचं का" विचारतोय.

राजाराम : दाबलं. कुठे गेलो मी?

दर्शना : गेलात. आता नवी सिस्टिम चढतेय. सहा-सात मिनिटं. श्वास घ्या.

राजाराम : तुलाही ऐकून घ्यावं लागलं ना माझ्यामुळे?

दर्शना : ऐकवत कुणी नाही. तोच तर त्रास आहे. आपल्या बिल्डिंगमधली उत्तरा मला परवा मालाड स्टेशनला दिसली. पहिलीपासून एका बाकावर बसायचो आम्ही. मी हात केला, तर ती मान वळवून सरळ पुलावर चढली. खरं सांगू? मला तिचा राग नाही आला. तुमचा आला.

राजाराम : येणारच. म्हणून ठरवलंय. हा एक झाला की अठ्ठावीसच्या अठ्ठावीस करायचे. सगळ्यांना फोन लावले. कुणी उचलला नाही. एकट्या सीतारामच्या बायकोने, सोनूबाईंनी उचलला. येते म्हणाल्या टॅब घेऊन.

दर्शना : सोनूआजी? एवढ्या लांबून, मुलुंडहून?

राजाराम : मी म्हटलं मी येतो. तर म्हणाल्या, माझ्या दारात येऊ नको.

दर्शना : पप्पा, बघा! चालू झाला! नुसता कोरा निळा पडदा, मग वेळ आणि तारीख. बस्स. झकास ना?

राजाराम : परत लाव. बंद करून परत लाव.

दर्शना : लावला. बघा, नाही आलात तुम्ही.

राजाराम : नाही आलो. खरंच नाही आलो गं.

सोनूबाई : दार उघडाच आसा. येव मां?

राजाराम : या वहिनी, या. दर्शू, पाणी आण.

सोनूबाई : पाणी नको. दोन बसी बदलून मी इलंय तां पाणी पिऊक नाय. ह्यो घे तुमचो टॅब.

दर्शना : आजी, हा उशीच्या अभ्र्यात बांधलाय?

सोनूबाई : मगे? तुझ्या बापाशीचा तोंड उघड्यार मिरवीत आणू?

राजाराम : वहिनी, आता ती चिंता मिटली. हा माझा बघा, आत्ताच झाला. मी त्यात औषधाला शिल्लक नाही. तुमचाही दर्शू अर्ध्या तासात करून देईल.

सोनूबाई : आणि मगे तुका बरा वाटतला.

राजाराम : तुम्हालाही वाटेल ना.

सोनूबाई : माजा सोड. तू किती संध्याकाळी आमच्याकडे बसलंस, आठवता?

राजाराम : चार.

सोनूबाई : चार. चारय वेळा चाय मागून पिलंस. सीताराम सही करी नव्हतो. सगळ्यांची झाली, तेची एकट्याची रवली. शेवटाक केल्यान. बिल्डराकडे बघून नाय, तुझ्याकडे बघून.

राजाराम : माहीत आहे मला.

सोनूबाई : तुका काय म्हायत? रोज सकाळी उठून टॅब लावी तो. पयलो तू दिसस. मगे त्या विटेचो फोटो. सात वर्षां तोच फोटो! आजारी पडलो तरी लावी. म्हणी, सोनू, राजाराम सांगता म्हंजे होतला. भाच्याच्या हॉलात, सतरंजेर पडान. दुसऱ्याच्या घरात मेलो माजो घोव, राजाराम, तुझो आवाज ऐकत.

दर्शना : आजी...

सोनूबाई : थांब गो. तेच्यानंतर माका तुझी शिसारी इली, राजाराम. खोटा कित्या सांगू? नातू व्हिडिओ कॉल करता म्हणान टॅब लावचो लागता. तीस सेकंद मी भिंतीकडे बघतंय.

राजाराम : म्हणूनच पुसतोय ना, वहिनी! त्यासाठीच चाललंय हे सगळं.

सोनूबाई : तू तोंड पुसतंस. बोल्लंस तां कोण पुसतलो? माज्या टॅबाक हात लावचो नाय. ह्याच सांगूक इलंय मी. तू रवतलंस तेच्यात. आमका तुझा तोंड बघवना नाय, तरी आमी बघलाव. आता तुका बघवना नाय तर लगेच पुसतंस?

दर्शना : पप्पा, त्या बरोबर बोलतायत.

राजाराम : तू पण?

दर्शना : मी पण. मला वाटलं होतं हे झालं की बरं वाटेल. नाही वाटलं. कोरा पडदा बघून तुम्ही इतके खूश झालात ना, ते बघून मलाच कसंतरी झालं.

राजाराम : मग काय करू मी? सांगा ना कुणीतरी!

दर्शना : सुरू होताना काय दिसावं, ते या नव्या सिस्टिममध्ये आपण ठरवू शकतो. कोरंच ठेवलं पाहिजे असं नाही. तुम्ही बोललात तर मी तेच टाकेन. सगळ्यांच्या टॅबवर.

राजाराम : मी? परत?

दर्शना : तुम्हीच.

राजाराम : ... लाव कॅमेरा. लावलास? हं. मैत्री सोसायटीच्या सर्व सन्माननीय सभासदांना कळवण्यात येते की, काही अपरिहार्य कारणास्तव सदर इमारतीचे काम...

सोनूबाई : ह्या काय? उद्या पाणी येवचा नाय अशी नोटीस लावतंस?

दर्शना : अपरिहार्य कारण काय, पप्पा? शी!

राजाराम : बरं, बरं. परत घे. मित्रहो, त्या हरामखोर बिल्डरने तुमची-आमची सर्वांची घोर फसवणूक...

सोनूबाई : बिल्डर माज्या घराक चाय पिऊक इलो नव्हतो.

राजाराम : वहिनी, बोलू तर द्या!

सोनूबाई : बोल ना. कोणी धरल्यान हा तुका?

राजाराम : मी... मी राजाराम साळवे. तुम्ही नको म्हणत होतात. मीच पाठीस लागलो. मला मध्ये उभं केलं होतं, मला ते आवडलं होतं. सगळे विचारायचे, राजाराम, कागद वाचलास ना? मी म्हणायचो, दोनदा वाचला.

दर्शना : वाचला होतात ना तुम्ही.

राजाराम : नाही.

दर्शना : काय?

राजाराम : साठ पानं होती. इंग्रजीत. पोस्टात पाकिटावरचे पत्ते वाचण्यापुरतं इंग्रजी येतं मला. पहिलं पान उघडलं आणि मिटलं. सेक्रेटरीला कळत नाही, हे कसं सांगायचं? कुणाला सांगायचं?

दर्शना : मला! मला सांगायचं! मी कॉलेजला होते तेव्हा, पप्पा. एका बैठकीत वाचून दाखवला असता.

राजाराम : तू विचारलं होतंस. "वाचून देऊ का?" म्हणालीस. मी म्हटलं, तुझ्या बापाला अडाणी समजतेस का.

सोनूबाई : म्हंजे सीतारामाक तू दोन वेळा वाचलंय म्हणान सांगलंस...

राजाराम : खोटं सांगितलं. त्यांनी विचारलं, काम रखडलं तर घर परत मिळेल असं लिहिलंय ना आत? मी म्हटलं, लिहिलंय. मला माहीतच नव्हतं काय लिहिलंय. ते "डोळे झाकून" आहे ना व्हिडिओत, तेवढं एक खरं बोललो मी.

दर्शना : पप्पा, कॅमेरा चालूच आहे. सगळं आलंय.

राजाराम : येऊ दे. काढू नको त्यातलं काही. फक्त शेवटी एक वाक्य राहिलं. थांब, नीट बसतो. इथे बघायचं ना, या ठिपक्यात?

सोनूबाई : त्या ठिपक्यात कित्या बघतंस? तेचा घर गेला काय? हडे बघ. माज्याकडे.

राजाराम : वहिनी...

सोनूबाई : बघ वर मान करून.

राजाराम : माझं चुकलं, वहिनी.

सोनूबाई : ... दर्शना, सोड गो अभ्र्याची गाठ. आणि आता पाणी दी माका.