ओला रंग

दवाखान्यातल्या बाकावर माझ्या शेजारी जहाजं रंगवणारा एक पेंटर आणि त्याचा मेहुणा बसले होते.

"भाऊजी, बंदी घातलेल्या देशाचं तेल तुम्ही परवा रंगवलंत त्याच जहाजात होतं ना?"

"त्याच. वर्षभरात त्याला तिसरं नाव दिलंय मी."

"पण तपासायला पाच देशांचे साहेब आले होते म्हणे!"

"आले की, मोठ्या रुबाबात! बंदीच्या यादीत जुनं नाव, जहाजावर नवं. झालं त्यांचं समाधान."

"कुणालाच संशय आला नाही?"

"संशय? डोंबल! एकाने तर शिडीवर चढून नावावरच हात टेकला. अख्खा पंजा पांढरा झाला."

"बापरे! मग?"

"मग काय! सहीच्या कागदाला डाग नको म्हणून माझ्याकडेच थिनर मागितलं."