बिडी सुटली, जीभ सुटली

...तर काय, बिडी सुटली आन् बिरूच्या तोंडाचं कुलूपच निगालं! तुमाला सांगतो, पेडगावातल्या बाया म्हणायच्या, बानूबाईसारखी नशीबवान न्हाई, काहून की तिचा नवरा बिरू ताटाला कदी नावं ठिवत न्हाई... करपलं तरी "लय भारी", आळणी झालं तरी "लय भारी"! पर मेंढरामागं चार पावलं चढला की बांधावर बसायचा, खोकून खोकून बेजार, आन् इकडं बानूबाईचा जीव खालीवर. मंग तिनंच धरून नेला की दवाखान्यात!

तिथली दीपिका सिस्टर म्हंजी गोड बोलून कान पिळणारी... "मामा, बिडी सोडा! तलफ आली की गाजर खा, फुटाणे खा, घोटघोट पाणी प्या, भाकर-पालेभाजी पोटभर! अन् चहा कमी बरं का, चहाच बिडीला हाक मारतो." झालं! बानूबाईनं खिसे भरले. हा बाबा गाजर दोन बोटांत धरून काडीपेटी चाचपायलाय, आन् मेंढरं खिसा हुंगत मागं मागं! चिडचिड तर इचारूच नका, कुत्र्यावर बी वरडायलाय. बानूबाई आपली रोज खिसे भरायलीय. करावं काय तिनं, तुमीच सांगा!

आन् एक दिवस घास घेतला, थांबला, म्हणतो कसा... "बाने, मीठ लय झालंय." आँ? दुसऱ्या दिवशी, "डाळ कच्चीच हाय की!" सिस्टरला सांगितलं तर ती खुश! "मामी, चांगलंय ना, बिडीनं मेलेली जीभ जागी व्हायलीय." जागी? आवो म्हंजी जलमभर "लय भारी" म्हणायचा, ते ह्याला काई कळतच नव्हतं म्हणून? बाईला रडूच फुटलं. करावं काय तिनं, तुमीच सांगा!

तावातावात उठली, दुकानातून बिडीचा कट्टा आणला, आपटला म्होरं... "घ्या, ओढा! व्हा परत मुके!" आपटला खरा, पर लगीच मनात आलं... खरंच ओढली तर? बिरूनं कट्टा उचलला, नाकाला लावला, तोंड वाकडं केलं. "घाण वास मारायलाय गं," म्हणला, आन् दिला चुलीत टाकून! वर हळूच म्हणतो, "मीठ कमी टाकत जा, बाने. तुज्या हातचं अजून लय वर्सं खायचंय मला."

आता बोला! बानूबाई डोळे बी पुसायलीय, हसायलीय बी, आन् आमाला म्हणती कशी... "मालक जगायचं म्हणायलेत, बाबा... म्हंजी आता या वयात मला स्वैपाक शिकणं आलं!"