गुडघा माझा, हात गावाचे

...आणि वर मलाच म्हणतात, "यशोदाबाई, तुम्ही माणसावर पाय उगारायला नको होता!" उगारला? अहो, उगारला नाही, हाणला! चांगला नेम धरून हाणला! तोतारामभाऊचा पुढचा दात पडला तो काय आपोआप पडला? मी पाडला. तुम्हीच सांगा, एखादा माणूस तुमचा गुडघा धरून ओल्या धोतरासारखा पिळायला लागला, तर तुम्ही काय त्याला चहा विचाराल?

थांबा, थांबा, नीट सांगते. बसा ना तुम्ही, मला मांडी घालता येत नाही म्हणून तुम्ही का उभे?

तर तुम्हाला सांगते, मला दोन दुखणी. एक साखरेचं आणि एक गुडघ्याचं. साखरेचं दुखणं दिसत नाही म्हणून त्याच्याबद्दल कुणी बोलत नाही. जळगाव जिल्ह्यात जन्म घालवला आणि केळं बंद! भात बंद, गूळ बंद, सणाला पुरणाचा वास घ्यायचा आणि ठेचा-भाकरी खायची. सकाळी उठून काचेच्या नळीत डॉक्टरनं दिलेल्या निळ्या औषधात आपलीच लघवी उकळायची. निळं राहिलं तर बरं, हिरवं झालं तर जपून, आणि विटेसारखं लाल झालं की घरात सुतक!

मग सुई. ती काचेची पिचकारी पातेल्यात उकळायची आणि आमच्या ह्यांनी टोचायची. आता आमचे हे म्हणजे कसे? बैलाला चाबूक दाखवतात, मारत नाहीत. कोंबडं कापायचं म्हटलं की ह्यांना शेतात काम निघतं. असा माणूस रोज सकाळी सुई घेऊन माझ्यासमोर उभा राहतो, "माफ कर हां," म्हणतो, डोळे गच्च मिटतो आणि खसकन खुपसतो! डोळे मिटून! एकदा दंडाऐवजी उशीत गेली, तर उशीला विचारतात, "लागलं का गं?"

हे सगळं मी सोसलं. पण गुडघा? त्याचं दुखणं सगळ्या पारोळ्याला दिसतं ना! मी उठताना "आई गं" म्हटलं की समोरच्या ओट्यावरून आवाज, "एरंडाचं तेल लावा!" पाण्याला निघाले की, "निर्गुडी बांधा!" बाजारात तर एक अनोळखी बाई, मी तिला ओळखत नाही, ती मला ओळखत नाही, भर मेथीच्या ढिगासमोर माझं लुगडं वर करून गुडघा दाबून बघते आणि म्हणते, "वात आहे." अगं, तुझ्या हातातली मेथी बघ!

धुळ्याला डॉक्टर बडगुजरांकडे गेले होते मी. चांगला माणूस, पण ओरडतो फार. म्हणाले, "बाई, गुडघ्यात इंजेक्शन देता येईल, पण त्यानं साखर चढेल. आधी साखर आटोक्यात आणा. वजन कमी करा. उकिडवं बसू नका. खुर्चीवर बसून पाय सरळ करायचा, धरायचा, सोडायचा. आणि शेक, डाग, मालीश, कुणालाही हात लावू देऊ नका!" मी म्हटलं, बरं. आता हे मला कळलं, पण गावाला कोण सांगणार?

ह्यांनीच तोतारामभाऊंना आणलं. हो, ह्यांनीच! तोतारामभाऊ जुने पैलवान, ह्यांचे मित्र. आले, पायाशी बसले, म्हणाले, "वहिनी, नस चढेल शे. मी आते उतारस." आणि उतरवायला काय सुरुवात केली! एक हात वर, एक हात खाली, आणि कडाकड! माझ्या डोळ्यांपुढे सगळा सातपुडा फिरला. "सोडा," म्हटलं, सोडेनात. "सोडा हो!" म्हटलं, म्हणतात, "दुखस म्हणजे उतरी राहिनी!" तेव्हा मी हाणली ती लाथ. चांगल्या पायाची. दात गेला त्यांचा... आणि गुडघा? गुडघा जिथल्या तिथे, ठणकतोच आहे!

मग आल्या आमच्या नणंदबाई. बेबाबाई. यावलला दिलेल्या, पण जीव माहेरात, आणि माहेर म्हणजे माझं स्वयंपाकघर. ही बाई मनानं वाईट नाही बरं का. पण तिचं प्रेम म्हणजे अंगावर भिंत पडल्यासारखं. आली, रुईची पानं तव्यावर गरम केली, गुडघ्यावर बांधली आणि टाचेखाली कापडात गुंडाळून तापलेली वीट ठेवली. मी म्हटलं, "ताई, डॉक्टरनं शेक नको सांगितलाय." ती म्हणते, "डाक्टरले काय कयस? चटका बसस का?" मी म्हटलं, "नाही." "मग!"

तुम्हाला सांगते, मी निवांत पडले होते. जरा वेळानं मला वास आला. मी म्हटलं, "ताई, चुलीवर काही करपतंय बघ." ती बघून आली, चूल विझलेली. तरी वास! म्हटलं, शेजारी कुणी काही भाजत असेल. आणि मग तिनं पानं काढली, वीट काढली आणि किंचाळली. अहो, माझीच टाच! माझीच टाच भाजत होती आणि मला पत्ता नाही! साखरेनं तळव्याची जाणीवच गेली होती.

पुन्हा धुळे. डॉक्टर जे ओरडले, जे ओरडले, बाहेर बसलेली माणसं उठून उभी राहिली. "अजून थोडी खोल गेली असती तर पाय कापावा लागला असता! साखरेत जखम भरत नाही, कळतं का?" मी टाचेकडे बघत बसले. आमचे हे मात्र भिंतीकडे तोंड करून उभे होते. खांदे हलत होते त्यांचे. एसटीत बसल्यावर एवढंच म्हणाले, "आता कुणी हात लावला तर बघ."

मी मनात म्हटलं, तुम्ही काय करणार? उशीला विचाराल?

टाच भरायला किती वेळ लागला, काय सांगू! रोज ड्रेसिंग, रोज सुई, रोज ती निळी नळी. टाच भरली... आणि गुडघा? गुडघा जिथल्या तिथे, ठणकतोच आहे!

आणि बेबाबाई परत आली. रडत आली. "वहिनी, मनाथून चूक व्हयनी." माझाही जीव पाघळला. म्हटलं, जाऊ दे ताई. तर म्हणते, "म्हणूनच मी उखर्डूबाबाले लई ऊनू." दारात एक उंच माणूस, हातात विळा. मी म्हटलं, "हा कशाला?" "डाग दी तो. एक डाग दिधा का बठ्ठं दुखनं पयी जास!" पळून जातं म्हणे!

मी उठायच्या आत ती माझ्या छातीवर! अहो, नणंद माझ्या छातीवर बसली! आणि पाय धरायला कोण आलं असेल? तोतारामभाऊ! पडक्या दातानं हसत! विळा माझ्याच चुलीत, माझ्याच गोवऱ्यांवर तापत होता. लाल झाला. उखर्डूबाबानं तो उचलला आणि ओरडला, "घट धरा! बाई हालनी का डाग तिरपा पडी!" मी हलले नाही, मी नणंदेच्या दंडाला चावले! ती किंचाळली पण उठली नाही. जड आहे हो बाई!

तेवढ्यात दारात आमचे हे.

बेबाबाई म्हणाली, "दादा, हाई बायासनं काम शे, तू बाहेर जाय!" बायांचं काम! आणि ते दोन बाप्ये काय लुगडं नेसून आले होते?

ह्यांनी कोपऱ्यातलं मुसळ उचललं. मला वाटलं, बाजूला ठेवतायत. नाही हो! दोन्ही हातांनी डोक्यावर नेलं, "माफ करा हां," म्हणाले, डोळे गच्च मिटले आणि फिरवलं! पहिला घाव रांजणाला. रांजण फुटला, पाण्याचा लोंढा चुलीत, भस्सकन राख आणि वाफ! दुसरा घाव उखर्डूबाबाच्या खांद्याला. तो भेलकांडला, विळा सुटला, तो थेट तोतारामभाऊच्या बैठकीवर! चर्रर्र! पैलवान असा उडाला, असा उडाला, की आखाड्यात कधी उडाला नसेल! तिसरा घाव कोनाड्याला, चौथा कुठे जाणार हे त्यांनाही माहीत नव्हतं. बेबाबाई माझ्या छातीवरून उतरून माझ्यामागे लपली. "दादा, मी शे, मी!"

आणि मी? मी उठले. काठी घेतली आणि उखर्डूच्या मागे धावले! किल्ल्याच्या खंदकाकडून बाजारात, बाजारातून एसटी स्टँडपर्यंत. दोन तडाखे पाठीत, एक पोटरीवर. माणूस चालत्या गाडीत चढला तेव्हा थांबले.

मागून बेबाबाई सगळ्या बाजाराला ओरडून सांगतेय, "देखा, देखा! वहिनी पयाले लागनी! डाग लागना बी नई आन् गुडघा बरा व्हयना!" आणि लोकांना पटलं की हो! त्या मेल्याचं नाव झालं! यावलला त्याच्या दारात माणसं रांग लावतात म्हणे, नुसता तापलेला विळा बघायला.

रात्री गुडघा भोपळ्याएवढा. तिसऱ्यांदा धुळे. डॉक्टरांनी मोठ्या सुईनं पाणी काढलं, आणि ह्या वेळी ओरडले नाहीत. ह्यांनी सगळं सांगितल्यावर मान खाली घालून हसत होते. मग ह्यांना म्हणाले, "चूल जमिनीवर आहे ना? उंच करा."

आमच्या ह्यांनी घरी आल्या आल्या माती कालवली. स्वतःच्या हातानं ओटा बांधला, त्यावर चूल चढवली, माझ्या कमरेशी माप घेऊन घेऊन. आता मी उभ्यानं भाकरी थापते. खुर्चीवर बसून पाय सरळ करते, धरते, सोडते. नळीतलं औषध बहुतेक दिवशी निळं राहतं. गुडघा ठणकतो, पण जरा कमी, जरा लाजून.

परवा डॉक्टरांना विचारलंच मी. म्हटलं, "खरं सांगा, ही दोन्ही दुखणी बरी कधी होणार?" डॉक्टर म्हणाले, "बाई, बरी नाही व्हायची. सांभाळायची. जन्मभर."

मी ह्यांच्याकडे बघितलं. हे औषधाच्या बाटलीशी खेळत बसले होते.

म्हटलं, "सांभाळते डॉक्टर. सवय आहे. लग्न झाल्यापासून ह्यांना सांभाळतेय, हे तरी कुठे बरे झाले?"