चूळ भरायच्या आधी

— नाही, बोलू नका. हं-हं पण नको, मान हलवू नका, ट्रे सरकला की सगळं पुन्हा पहिल्यापासून. डॉक्टरबाईंनी आत्ता तुमच्यासमोरच सांगितलं ना — सात मिनिटं. ही पेस्ट हळू घट्ट होते, वरच्या हिरडीची रेष न् रेष उमटायला हवी तिच्यात, तरच नवी कवळी नीट बसेल. बाई पलीकडच्या खोलीत दाढ काढायला गेल्यात, तोवर ट्रे मी धरणार. तुम्ही फक्त तोंड उघडं ठेवायचं आणि नाकाने श्वास घ्यायचा. आणि मी बोलायचं. हो, हेही कामच आहे माझं — तोंडात असं काही कोंबलं की माणूस घाबरतो, त्याला ओकारी येते, म्हणून मदतनीस मुलीने बोलत राहायचं, पेशंटचं मन गुंतवायचं. हवापाण्याचं बोल म्हणाल्या बाई. हवापाणी गेलं खड्ड्यात. साहेब, तुम्ही मला ओळखलं नाहीत ना?

नाहीच ओळखणार. इकडे बघा — मान नको, नुसते डोळे. मास्कमुळे? मास्क काढला तरी काही फरक पडायचा नाही, कारण तुम्ही त्या दिवशी माझ्याकडे बघितलंच नव्हतं, अर्जाकडे बघत होतात, आणि अर्जाकडे तरी कुठे, बशीतल्या बिस्किटाकडे. आठ महिने झाले. बाटल्यांची झाकणं बनवणारी तुमची कंपनी, दुसरा मजला, जिन्यात रंगाचे रिकामे डबे, बाहेरच्या बाकावर आम्ही अकराजणी आणि जागा एक. झाकणांचे नमुने तपासायचे, भिंगातून, चीर आहे का, काठ वाकडा आहे का. जाहिरात वाचली तेव्हा मला वाटलं ही नोकरी माझ्यासाठीच काढलीय — दिवसभर झाकणं बघायची, आणि झाकणं काही उलट प्रश्न विचारत नाहीत. माझा नंबर सातवा होता. आता कसे डोळे मोठे झाले! आठवलं? नाही? थांबा, आठवेल.

आत आले. तुम्ही मधे, दोन्ही बाजूंना दोघे. तुम्ही म्हणालात, ‘बसा. स्वतःबद्दल सांगा.’ एवढंच. माझी बारा वाक्यं तयार होती, साहेब. आरशासमोर म्हटलेली, गच्चीवर म्हटलेली, बसच्या रांगेत मनातल्या मनात म्हटलेली — बारा. आणि तुम्ही विचारलंत आणि घसाच मिटला. शब्द आठवले नाहीत असं समजू नका, शब्द सगळे ओळीने उभे होते, दारच उघडेना. तुमच्या मागे भिंतीवर घड्याळ होतं. एक मिनिट दहा सेकंद मी गप्प बसले. मोजले, दुसरं करणार काय? मग तुम्ही — मला नाही, शेजारच्याला — म्हणालात, ‘पुढचीला पाठवा. बोलणारी असेल तर.’ आणि हसलात. तिघंही हसलात, पण तुम्ही जरा जास्त. काय दात होते तुमचे, एकसारखे, पांढरेशुभ्र! मला वाटलं खरेच आहेत. आज सकाळी वाटीत घेऊन मीच घासले तेव्हा कळलं.

हां, पाय आपटू नका. काय होतंय? ओकारी? बाई येणार नाहीत इतक्यात, दाढ अडकलीय त्यांची. खुर्चीचा हात किती घट्ट धरलाय, बोटं पांढरी पडलीत. ऐका माझं. नाकाने, लांब. सोडा. पुन्हा. आता बुटाच्या आत पायाची बोटं हलवा, आधी उजव्या पायाची, अंगठ्यापासून, एकेक करून. करंगळी हलत नाही एकटी, कोणाचीच हलत नाही, तरी हलवा. आता डावा. बघा — थांबली ना? ही युक्ती बाईंनी शिकवलेली नाही, ही माझी आहे. तुमच्यासमोर बसले होते ना, तेव्हा बुटात मी हेच करत होते. तुम्हाला वाटलं ठोंब्यासारखी बसलीय. मी फार कामात होते.

तीन मिनिटं झाली.

घरी गेले तर आत्या येऊन बसलेली. ‘काय मौनीबाबा, लागली का नोकरी?’ — तिने ठेवलंय हे नाव, मी चौथीत असताना, आणि अजून प्रत्येक वेळी नवीनच सुचल्यासारखी हसते. बाबा म्हणाले, लोक काय खातात का तुला? आमच्या वेळी आम्ही सरळ साहेबाच्या खोलीत घुसायचो. घुसायचे! बाबांना चिकटवलं त्यांच्या मामाने, त्याच खुर्चीवर तीस वर्षं बसून केस पिकले, घुसायला दुसरी खोली बघितलीय कुठे त्यांनी? आणि हेच बाबा, दुकानातून आणलेला शर्ट तोकडा निघाला तर बदलून आणायला आईला पाठवतात आणि स्वतः रस्त्याच्या पलीकडे उभे राहतात, पाटी वाचत. पण सल्ला बघा — आत्मविश्वास ठेव! जसा काही तो फडताळात आहे आणि मी तो घालून जायला विसरले. तुम्ही मोठी माणसं सगळी सारखीच. तुम्हाला ताप कळतो, मोडलेला हात कळतो. घसा मिटतो म्हटलं की म्हणता, नाटकं.

कॉलेजात लेखीला पहिली आले मी. तोंडीला आजारी. दरवर्षी, ठरल्यासारखी आजारी, आणि आजार खोटा नसायचा हो, खरंच पोटात कळा यायच्या. तुमच्या त्या मुलाखतीनंतर आणखी चार ठिकाणी गेले. दोन ठिकाणी आत तरी गेले. एका ठिकाणी फाटकावरच्या पहारेकऱ्याने ‘कोणाला भेटायचंय’ विचारलं आणि मी म्हटलं, कोणालाच नाही. चौथ्या ठिकाणी — जाऊ दे. मग एका डॉक्टरांकडे गेले, दातांच्या नाही, त्या दुसऱ्या, एकटीच गेले, घरी न सांगता. त्यांनी कागदावर लिहून दिलं, लोकांसमोर बोलण्याची तीव्र भीती. त्याला नाव आहे म्हणाले, उपाय आहे, हळूहळू करू. तो कागद मी पर्समध्ये ठेवलाय. एक दिवस आत्याच्या हातात देणार होते. अजून दिलेला नाही.

आणि आता तुमचा कागद. हा बघा, हा — केसपेपर. सकाळी तुम्ही आत बाईंना सांगत होतात, तोंडावर रुमाल धरून, आणि बाई सांगतील तसं मी बाहेर बसून लिहीत होते. वाचू? ‘बोलताना वरची कवळी सुटते. चार महिन्यांपासून लोकांसमोर बोलणं टाळतात. ऑफिसात मीटिंगला जात नाहीत. घरी फोन आला तर सूनबाईला घ्यायला लावतात.’ माझ्याच अक्षरात आहे. लिहून झालं आणि मी साठवणाच्या खोलीत गेले, कापसाच्या पुड्यांमागे उभी राहिले आणि हसले. तोंडावर हात ठेवून, पण पोटभर. मुलाखती कोण घेतं मग आता तिकडे? — खांदे उडवले. म्हणजे तुम्ही नाही. म्हणजे तुम्हीही दाराबाहेर. छान आहे. पण तुम्हाला आठवड्याभरात नवी कवळी मिळेल आणि तुम्ही पुन्हा मधल्या खुर्चीत जाऊन बसाल. मला कुठली बसवणार?

डोळ्यांतून पाणी येतंय तुमच्या. पेस्टने येतं, सगळ्यांना येतं. थांबा, पुसते. माझं बोलणं मनाला लावून घेऊ नका — नाही, घ्या. घ्याच लावून.

हे काम मी का धरलं, सांगू? जाहिरातीत ‘दातांच्या दवाखान्यात मदतनीस’ वाचलं आणि म्हटलं, जगात ही एकच जागा असेल जिथे माणूस तोंड उघडतो आणि तरी बोलू शकत नाही. बाईंनीही विचारलं, स्वतःबद्दल सांग. झालं, घसा मिटला. पण ह्या वेळी मी खिशातून खडू काढून टेबलावर ठेवला. खडूची दाढ होती, कंपासच्या टोकाने कोरलेली, वरचे उंचवटे, मधली खाच, खाली दोन मुळं. दोन रात्री आणि नऊ खडू लागले. बाईंनी ती उचलली, भिंगाखाली धरली, आणि माझ्याकडे बघितलं — माझ्याकडे, अर्जाकडे नाही. म्हणाल्या, हात फार चांगला आहे तुझा. तीन दिवस ये, मग ठरवू. पण पेशंटशी बोलावं लागेल, मुकी मदतनीस मला चालायची नाही.

पहिल्या दिवशी आई आली होती सोबत, खालच्या औषधांच्या दुकानापर्यंत — हे सांगायचं नव्हतं. विसरा. पहिल्या दिवशी खुर्चीत एक आजी होत्या, मी ट्रे धरून पुतळ्यासारखी उभी, त्या बिचाऱ्या घाबरल्या, ट्रे ओढून काढला आणि सगळं माझ्या ॲप्रनवर. काल एक मास्तर होते. त्यांच्याशी मी एकूण दोनदा ‘हं’ म्हटलं. पेशंट उठला की बाई त्याला सरळ विचारतात, माझ्यासमोरच — मुलगी बोलली का तुमच्याशी? आजींनी मान हलवली, नाही. मास्तर म्हणाले, लाजाळू आहे. बाई माझ्यावर चिडल्या नाहीत, तेच वाईट वाटलं. म्हणाल्या, उद्या शेवटचा दिवस. आज सकाळपासून साचा घ्यायचा पेशंट एकच, तुम्ही. म्हणजे आता बाई येणार आणि तुम्हाला विचारणार —

अरे देवा.

म्हणजे पुन्हा तुम्हीच. पुन्हा मधल्या खुर्चीत तुम्ही आणि दारात मी. हे माझ्या आत्ता लक्षात येतंय, बघा, सहा मिनिटं तुम्हाला वाट्टेल ते बोलून झाल्यावर. काय सांगाल? उद्धट आहे, पेशंटचा कागद वाचून दाखवते, हाकलून द्या? सांगा. खोटं काहीच नाही त्यात. आता मी गोड होणार नाही. ‘माफ करा हं साहेब’ वगैरे माझ्याकडून व्हायचं नाही. बोलले ते बोलले. एवढं सलग मी घराबाहेर कुणाशी बोलले नव्हते, कधीच, आणि त्यासाठीसुद्धा तुम्हीच भेटलात, हाच तर विनोद.

वाजली सात मिनिटांची घंटा. हलू नका. गाल सैल सोडा — हं — आला. अहाहा, काय सुंदर आलाय साचा! बघा, टाळूवरच्या सुरकुत्यासुद्धा. ही चूळ. भरा. ह्या भांड्यात. अजून एकदा.

…काय? असं काय करताय? बोला की, आता तर तोंड मोकळं झालं. हात कशाला धरलात ओठांवर? — वाटी. कवळीची वाटी हवीय. बाई यायच्या आत.

वाटी माझ्या हातात आहे, साहेब.

बाईंची चप्पल वाजतेय. आणि माझा घसा — हे बघा, लागलाच मिटायला. तुमचं तोंड मोकळं झालं ना, म्हणून. बुटात बोटं हलवतेय मी. उजवा पाय. अंगठा. दुसरं.

घ्या. धुऊन ठेवलीय. लावा सावकाश, मी तिकडे बघते. मी काही बघितलेलं नाही.

— हो, बाई. झालं. साचा चांगला आलाय. …हो. …बोलले का, ते — ते यांनाच विचारा ना.

सांगा, साहेब. स्वतःबद्दल नको. माझ्याबद्दल.