मी एक अक्षर बोललो नाही

वाका! आधी वाका, मग आत या... लागलं ना? लागणारच! वहिनी, तुम्ही तरी... अरेरे, दोघांनाही लागलं. बसा, चोळा जरा, दुखणं दोन मिनिटांत जाईल, टेंगूळ तेवढं राहील. तुमची काही चूक नाही हो, या बोटीत शिरताना कपाळ आपटायचं हे भाड्यातच धरलेलं असतं. मी तीन महिने आपटतोय! रोज! आणि आमची ही मागनं सांगते, "अहो, डोकं सांभाळा." कधी सांगते? आपटल्यावर! तीन महिन्यांत एकदा तरी माणसानं आधी सांगावं? पण तुम्हाला सांगतो, मी एक अक्षर बोललो नाही.

शेजारची बोट तुम्हीच घेतलीत ना महिनाभरासाठी? काल सामान उतरवताना पाहिलं मी तुम्हाला. हसत होतात दोघं. हसा, हसून घ्या, पहिल्या दिवशी आम्हीही हसलो होतो, फोटोसुद्धा आहे. ही झेरॉक्स काढायला गेलीय, येईल अर्ध्या तासात, तोवर मनातलं बोलून घेतो, कारण ती आल्यावर मी बोलत नाही. म्हणजे बोलतो, पण ते नाही बोलत.

तेहेतीस वर्षं लिफ्ट दुरुस्त केल्या मी! अडकलेल्या डब्यातनं माणसं ओढून काढण्यात उभी हयात गेली, आणि निवृत्त झाल्यावर स्वतः कुठं जाऊन बसलो? डब्यात! तोही हलणारा! लिफ्ट निदान वर तरी जाते हो, ही नुसतीच डावी-उजवीकडे. आणि हा पलंग बघा, बघा, लाजू नका, तुमचाही असाच असणार. इस्त्रीच्या आकाराचा आहे! डोक्याकडे दोन माणसं, पायाकडे दीड पाय. चौतीस वर्षांच्या संसारात कधी एकमेकांना पाय लागला नव्हता, इथं रात्रभर नमस्कार चाललेत!

आणि कांदा! तुम्हाला वाटेल, कांदा काय, टोपलीतनं उचलायचा. छे! कांदा हवा तर गादी उचला, गादीखाली फळी, फळीखाली दोरखंड, दोरखंडाखाली ते केशरी तरंगणारं जाकीट, त्याखाली कांदे. एक कांदा काढून सगळं होतं तसं लावायचं, वर बसायचं, घाम पुसायचा, की स्वयंपाकाच्या कोपऱ्यातनं आवाज येतो, "अहो, दोन म्हटलं होतं मी."

संडासाचं... वहिनी, माफ करा, पण शेजारी राहायचं तर माहीत हवं. दांडा हापसायचा. वीस वेळा! एकोणीस नाही, वीस. कमी पडलं तर गेलेलं परत भेटीला येतं. आणि आवाज? अख्ख्या धक्क्याला ऐकू जातो! पलीकडे तो टोपीवाला राहतो ना, त्याला आम्ही कप्तान म्हणतो. जन्मभर बनियनचं दुकान चालवलं त्यानं, दोराला धड गाठ मारता येत नाही, दर दोन दिवसांनी त्याची बोट सुटते आणि मी धरून आणतो, पण टोपी मात्र सोनेरी पट्टीची! हा सकाळी चहाचा कप घेऊन बाहेर बसतो आणि मोजतो हो! मी वर आलो की विचारतो, "आज अठराच का, साहेब?" अरे तुझ्या बापाचं काय जातं? पण बोललो? नाही. हसलो. "हॅ हॅ, हवा काय छान आहे!" म्हटलं. इथं कुणी काहीही विचारलं की हेच म्हणायचं असतं. मीठ ओलं, पापड ओले, उशी ओली, उघडावी ती वस्तू गंजलेली, पण हवा छान!

आता म्हणाल, आलात कशाला? काय घोडं अडलं होतं?

सांगतो. गेल्या वर्षी माझी दाढ दुखत होती. दंतवैद्याकडे बसलोय दोघं, समोर जुनी मासिकं. मी एक उघडलं, तर गुडघ्याच्या पट्ट्याची जाहिरात! हिचे गुडघे थंडीत धरतात. डॉक्टरांनी सांगितलंय, थंडीपासून जपा, जिने टाळा. मी तोंडात कापसाचा बोळा असल्यामुळं बोललो नाही, नुसतं पान तिच्यापुढं केलं. तिनं बघितलं, बराच वेळ बघितलं, आणि म्हणाली, "छान आहे." मी मान हलवली. पट्टा छानच होता! पण त्या पट्ट्याच्या शेजारच्या पानावर काय होतं? बोट! निळं पाणी, पांढरी बोट, वर दोन म्हातारे दात दाखवतायत, खाली लिहिलंय, हिवाळा घालवा उबदार समुद्रात! आठ दिवसांनी ही मला विचारते, "मग जायचं का बोटीवर?" मी म्हटलं, हिला हौस आलीय. आयुष्यात कधी काही मागितलं नाही बिचारीनं. म्हटलं, जाऊ की!

तेव्हाच कुणी माझी दुसरी दाढ उपटली असती तर बरं झालं असतं.

आणि मग तो बोटवाला! गोड बोलतो हो मेला, तुम्हालाही भेटला असेल. घरी येऊन खुर्चीत रेलून म्हणतो, "भाड्यानं कशाला? घर विका, बोटच घ्या, कायमचे राजे व्हा!" मी हिच्याकडे बघितलं. ही माझ्याकडे. ती म्हणाली, "ह्यांची इच्छा असेल तर माझी ना नाही." मी म्हटलं, "हिची इच्छा असेल तर माझी कसली ना?" झालं! मग हिनंच तोड काढली. आधी एक हिवाळा भाड्यानं राहायचं. दोघांपैकी एकानं जरी "घरी जाऊ" म्हटलं, तर विषय संपला, घर राहिलं. कुणीच तसं म्हटलं नाही, तर घर विकायचं.

आता तुम्ही म्हणाल, मग सोपं आहे, म्हणून टाका, दोन शब्द! हो ना? सोपं आहे ना? तुम्ही आमच्या हिला ओळखत नाही. सव्वीस वर्षांपूर्वी आम्ही एक डोंगर चढायला गेलो होतो. साठ पायऱ्या राहिल्या होत्या, मला दम लागला, मी म्हटलं, परत फिरू. एकदाच म्हटलं! सव्वीस वर्षं झाली, लग्न असो, बारसं असो, चार माणसं जमली की हिचं सुरू, "ह्यांना अर्ध्यातनं मागं फिरायची सवयच आहे. वीस पायऱ्या हो फक्त!" खऱ्या साठ होत्या, आधी चाळीस सांगायची, आता ती वीसवर आलीय. अजून दोन लग्नं झाली की मी शिखरावरनं परत आलो असं होणार! तेव्हाच ठरवलं, या खेपेला काय वाटेल ते होवो, आधी ती म्हणेल. मी एक अक्षर बोलणार नाही.

काय काय नाही केलं मी ती म्हणावी म्हणून! शिडीच्या पायऱ्या पुसल्या नाहीत. झुरळ दिसलं तर मारलं नाही, बोलावून दाखवलं! ती म्हणाली, "असू दे, त्यालाही हवा आवडली असेल." मागच्या महिन्यात वारा सुटला तेव्हा तर म्हटलं, आज नक्की. अशी हलली बोट, अशी हलली, की कप, बशा, डबे, सगळे या कोपऱ्यातनं त्या कोपऱ्यात पाहुणे जातात तसे जाऊन येत होते. आम्ही दोघं इथं, आत्ता तुम्ही बसलात ना, तिथंच, समोरासमोर. माझ्या मांडीत एक बादली, तिच्या मांडीत एक. मी बादलीतनं तोंड वर काढलं आणि विचारलं, "कसं वाटतंय?" तिनं पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, "छान! तुम्हाला?" मी म्हटलं, "मस्त!" आणि दोघं परत बादलीत! याला काय म्हणतात माहितीय? तोंड दाबून बुक्क्यांचा मार! तोही एकमेकांना!

आणि वर तो फोन! हिची धाकटी बहीण, माझी मेव्हणी. दर मंगळवारी फोन करून किंचाळते, "अय्या ताई, काय मजा आहे बाई तुमची! भावोजी तर आता ओळखूच येणार नाहीत!" नाहीच येणार! कपाळावर टेंगळांचा डोंगर झालाय!

तर या मंगळवारचं सांगतो. खरं म्हणजे हेच सांगायला तुम्हाला आत बोलावलं. मी खाली पालथा पडलो होतो, तो संडासाचा पंप खोलून. फळी लावून घेतली होती, त्यामुळं तिला वाटलं मी धक्क्यावर गेलोय. वर ही बसलेली, फोन सुरू. आणि मेव्हणीला म्हणतेय... हळू आवाजात म्हणतेय, "अगं, कसली मजा! गुडघे पार गेलेत माझे. दिवसातनं वीसदा ही शिडी, रात्री पाय सरळ करायला जागा नाही. मला माझं घर हवंय गं, माझी खिडकी हवीय." मी खाली हातात पाना घेऊन गार! मेव्हणी काहीतरी म्हणाली असणार, कारण ही म्हणते, "मी कशी म्हणू? त्यांची हौस आहे. त्या दंतवैद्याकडे त्यांनीच नाही का चित्र पुढं केलं? आयुष्यभर लोकांच्या लिफ्टखाली ग्रीसमध्ये लोळले, कधी स्वतःसाठी काही मागितलं नाही. आता माझ्या गुडघ्यांपायी त्यांची हौस मोडू? ते म्हणाले परत जाऊ, तर मी चपला न घालता निघेन. पण मी नाही म्हणणार."

हसू नका हो. म्हणजे, हसा... मलाही आधी हसूच आलं, ओरडून सांगावंसं वाटलं, अगं बये, पट्टा! पट्टा दाखवत होतो मी! आणि मग आठवलं... ती गुडघा धरून शिडी चढायची ते मला दिसत होतं हो. रोज दिसत होतं. आणि मी वाट बघत होतो, की अजून थोडा दुखला तर बोलेल! लाज वाटली मला. खरंच वाटली.

आणि घर तरी कसं! तिसरा मजला, उन्हाची खिडकी, आणि त्या इमारतीची लिफ्ट कुणी बसवलीय? मी! या हातांनी! हिला एक पायरी चढावी लागू नये म्हणून सोसायटीशी चार वर्षं भांडून बसवलीय! ती सोडून मी हिला शिडीवर आणून चढवली. आगीतनं फुफाट्यात म्हणतात, मी तर पाण्यात!

मग सांगितलं का? आज शुक्रवार. मंगळवारपासून सांगतोय! बुधवारी चहा घेताना म्हटलं, "अगं, ऐक." ती म्हणाली, "काय?" मी म्हटलं, "साखर जरा कमी आहे." काल झोपताना म्हटलं, "मला एक सांगायचंय." ती ताडकन उठून बसली, डोकं आपटलं तिचं, तरी म्हणते, "सांगा, सांगा!" मी म्हटलं, "पंप दुरुस्त झाला, आता दांडा हलका चालतो." आता मला डोंगराचं काही वाटत नाही हो! म्हणू दे तिला साठ पायऱ्या, वीस पायऱ्या, शिखर! सगळं ऐकून घ्यायला तयार आहे. पण तोंड उघडलं की भलतंच बाहेर पडतं. शेकड्यांनी अडकलेल्या लिफ्ट मोकळ्या केल्यात मी, हे दोन शब्द काही सुटत नाहीत!

आणि उद्या अकरा वाजता सह्या आहेत. घराच्या. त्याचीच झेरॉक्स काढायला गेलीय ती.

काय म्हणता वहिनी? आत्ताच्या आत्ता सांगून टाका? बरोबर आहे. तुमच्यासमोरच सांगतो, साक्षीदार असले की माणसाला धीर येतो. आली बघा! ती चाल ऐकलीत? डावा पाय जोरात, उजवा हलका. ठरलं, आज सोक्षमोक्ष. "घरी जाऊ." दोन शब्द. घरी. जाऊ.

"अगं, आलीस? हे शेजारचे आलेत, नव्या बोटीवरचे... हो, चहा झाला... नाही, पाणी दिलं. अगं, तू थांब जरा. शिडीवरच थांब. मी काय म्हणतो..."

बघा, थांबली. एक हात गुडघ्यावर. कशी बघतेय बघा.

"काय म्हणता? बोला ना. अहो, बोला!"

"ते... उद्या अकराला जायचंय ना..."

"हो? मग? उद्याचं काय?"

"उद्याचं म्हणजे... मी म्हणत होतो... पावणेअकरालाच निघूया. उशीर नको."

"...बरं. पावणेअकरा. पेन आहे ना तुमच्याकडे?"

"आहे."

"आज हवा छान आहे, नाही?"

"फार छान!"

आत गेली... धाडकन! ऐकलंत? अगं, डोकं सांभाळ!

बघितलंत ना? तुमच्या डोळ्यांदेखत! मी एक अक्षर बोललो नाही.