आधी सात नंबर

कुबान : आयोगाच्या फॉर्मवरचा प्रश्न एकशे चार. ‘आपल्या आयटी विभागात किती माणसं आहेत?’ साहेब, तुम्ही इथं चार लिहिलंय.

ओस्मोनोविच : मग? चार नाहीत?

कुबान : मी आहे.

ओस्मोनोविच : तू, जीपवाला तुराट, गोदामाचा रखवालदार आणि स्वयंपाकीणबाई. रखवालदाराकडे किल्ल्या असतात, म्हणजे माहितीची सुरक्षा त्याच्याकडे.

कुबान : आणि स्वयंपाकीणबाई?

ओस्मोनोविच : सर्व्हर तिच्या कोठीत आहे ना? रोज उठून त्याचं तोंड तीच बघते.

कुबान : त्याच्यावर मोजे वाळत घालते.

कालीपा : घालेल नाही तर काय! बाहेर उणे सव्वीस. अख्ख्या वीज कचेरीत तेवढी एकच वस्तू गरम असते.

ओस्मोनोविच : कालीपा एजे, तुम्ही आम्हा सगळ्यांच्या थोरल्या ताई, आजच्या दिवस मोजे काढायला सांगा तिला. दोन वाजता राजधानी बिश्केकहून आयोग येतोय. एआयसाठी आपली तयारी झाली की नाही ते बघणार आहेत. मेंढी कापलीय, कणकेचे बोरसोक तळून झालेत, फक्त मेंढीचं मानाचं डोकं कुणापुढे ठेवायचं ते ठरत नाहीये. आयोगाची प्रमुख बावीस-तेवीस वर्षांची पोरगी आहे म्हणे.

कालीपा : मग तयारी झालीच की. उरलं काय?

कुबान : प्रश्न एकशे सात उरलाय. ‘कर्मचाऱ्यांचं प्रशिक्षण झालं का?’ उत्तर दिलंय : तीन दिवस, सत्तेचाळीस जण. साहेब, ते सत्तेचाळीस जण तीन दिवस तुराटच्या मुलाच्या लग्नात होते.

ओस्मोनोविच : वर्ग मोबाईलवर होता की नाही?

कुबान : होता.

ओस्मोनोविच : मोबाईल कुठं होता?

कुबान : लग्नात.

ओस्मोनोविच : झालं तर मग! शंभर टक्के हजेरी. पुढे चल.

कुबान : पुढचं जरा नीट ऐका, थट्टा नाही. धरणात पाणी कमी पडलं की संध्याकाळी कुठल्या गल्लीची वीज आधी घालवायची, हे आता यंत्र ठरवणार. त्याला आपण मागच्या अकरा हिवाळ्यांच्या नोंदी खाऊ घातल्या. वीज चालू-बंद करायच्या बोर्डावर अकरा वर्षं एजेच आहेत, म्हणजे ते शिकलं एजेंकडून. आता शंभरातल्या अठ्ठ्याण्णव वेळा अगदी एजेंसारखंच उत्तर देतं.

ओस्मोनोविच : अठ्ठ्याण्णव! अरे, नव्वदला पास करतात! मोठ्या अक्षरात लिही, वर झेंडा काढ.

कुबान : पण ते दर वेळी आधी सात नंबर बंद करतं. थंडी कमी असो, जास्त असो, आधी सात. त्या लाइनवर चाळीस घरं, भार नावालाच. बंद करून वाचतं काय, तर चार किटल्या पाणी उकळेल एवढी वीज. मी यंत्राला विचारलं, का? म्हणालं, नेहमी असंच होतं. एजे, तिथली तार खराब आहे का?

कालीपा : नाही.

कुबान : नोंदवहीत तुम्हीच लिहिलंय, ‘खांब कमकुवत’.

कालीपा : खांब दोन वर्षांपूर्वी बदलले. कंपनीनं नाही, गल्लीनं. डोंगरातून लाकडं आणली, पोरांनी खड्डे खणले. माझ्या शेजारच्या अनारकानचा नवरा खांबावरून पडला, अजून लंगडतो. त्यानंतर मी ‘उपकेंद्र कमकुवत’ लिहायला लागले.

कुबान : शेजारच्या? म्हणजे सात नंबर तुमचीच गल्ली?

कालीपा : मग कुणाची असणार?

ओस्मोनोविच : एजे, काय बोलताय तुम्ही?

कालीपा : बोर्डावर बसले त्या पहिल्या हिवाळ्यातली गोष्ट. पावाच्या रांगेत उभी होते. मागं एक बाई बोलत होती, मला ओळखत नव्हती. म्हणाली, बटणावर बसते ना, तिच्या घरात कधी अंधार होत नाही. माझी कानशिलं तापली. त्या संध्याकाळी पहिलं बटण दाबलं ते माझ्याच गल्लीचं. दुसऱ्या दिवशी वाटलं, आज दुसरी गल्ली घेतली तर लोक काय म्हणतील? एक दिवसाचं नाटक केलं म्हणतील. मग तिसरा दिवस आला.

कुबान : आणि अकरा वर्षं झाली.

कालीपा : मला वाटायचं, माझ्यासारखी सरळ बाई अख्ख्या खोऱ्यात नाही. माझं एकटीचं घर असतं तर ठीक होतं रे. माझ्या अब्रूपायी चाळीस घरांनी गोवऱ्या जाळल्या. अनारकान दर दोन दिवसांनी येते, विचारते, एजे, आधी आम्हीच का गं? मी तिला चहा देते.

ओस्मोनोविच : हे बघा, हे आयोगापुढं काढायचं नाही. यंत्र आहे तसं राहू दे. आयोग गेला की बघू. तात्पुरतं.

कालीपा : दारातला ट्रान्सफॉर्मर तात्पुरता बसवला तेव्हा मी दोन वेण्या घालत होते.

ओस्मोनोविच : एजे...

कालीपा : मी एक मार्चला घरी बसणार. माझ्यामागं हे यंत्र सात नंबर बंद करतच राहील, आणि का, ते कुणालाच माहीत नसेल. बटण दाबताना मला निदान वाईट वाटायचं. याला तेही वाटणार नाही. कुबान, ही खोड काढता येते का त्याची?

कुबान : अर्ध्या तासात. पण मग उत्तरं तुमच्याशी कमी जुळतील, अठ्ठ्याण्णवचे एकाहत्तर होतील. आणि का बदललं, ते बोर्डावरच्या माणसानं सहीनिशी लिहून द्यायला लागतं.

कालीपा : आण कागद.

ओस्मोनोविच : एकाहत्तर? नापास करतील! आणि एजे, ‘कारण नसताना बंद केली’ असं लिहिलंत तर चौकशी लागेल. निरोप समारंभात तुम्हाला पदक आणि मानाचा झगा म्हणून चापान द्यायचं ठरलंय. मखमली चापान!

कालीपा : ते मखमली चापान घालून सात नंबरच्या गल्लीतून चालत जाऊ?

कुबान : थांबा, थांबा. साहेब, प्रश्न एकशे बारा. ‘नोंदींमध्ये पक्षपात आढळला का?’ तुम्ही काय लिहिलंय?

ओस्मोनोविच : ‘नाही. आम्ही सगळे एकाच कुळाचे आहोत.’

कुबान : त्याला शून्य गुण. आढळला, कर्मचाऱ्यानं स्वतः दाखवून दिला आणि दुरुस्त केला, तर पंचवीस. पास व्हायला कमी पडलेले सगळे भरून निघतात.

ओस्मोनोविच : पंचवीस? नीट वाच.

कुबान : पंचवीस. वर ‘यशोगाथा’ म्हणून फोटो छापतात.

ओस्मोनोविच : मग आधी नाही का सांगायचं! एजे, लिहा, सगळं लिहा. पावाची रांग नक्की लिहा, तो लंगडा नवराही लिहा. आयोगापुढं तुम्हीच बोला. पोरगी रडली पाहिजे! बोर्डापाशी फोटो काढू. एजे, मी कायम म्हणत आलोय, आपल्या आस्थापनेत प्रामाणिकपणा हा...

कुबान : साहेब, अजून एक सापडलंय. तीन नंबरची लाइन अकरा वर्षांत एकदाही बंद झालेली नाही.

ओस्मोनोविच : तीन नंबर?

कालीपा : तुमच्या सासऱ्यांचा हमामखाना आहे ना, ती गल्ली. तुमचा फोन यायचा.

ओस्मोनोविच : ...फॉर्मवर एकाच उदाहरणाची जागा आहे.

कुबान : वेगळा कागद जोडता येतो.

ओस्मोनोविच : जागा एकच आहे, कुबान! उगाच आयोगाला कागद चिवडायला लावू नये. पाहुणे आहेत ते. एजे, झालं का लिहून?

कालीपा : झालं, ही घ्या सही. पण फोटोबिटो नंतर. आधी मला फोन करायचाय.

ओस्मोनोविच : कुणाला? गाड्या घाटाखाली पोहोचल्यात.

कालीपा : पोहोचू देत. उद्या बिश्केकचे लोक हे छापणार. अनारकाननं ते पेपरात वाचायचं?

(ती फोन लावते. पलीकडचं बोलणं आपल्याला ऐकू येत नाही.)

कालीपा : अनारकान? मी गं. नाही, बरी आहे. ऐक, आज संध्याकाळी आपल्या गल्लीची वीज जाणार नाही. हो, कणीक भिजवलीस तरी चालेल. ...नाही, नवीन यंत्राची कृपा नाही. यंत्रानं बंदच केली असती, ते माझ्याकडून शिकलंय. ...तेच सांगतेय. तार चांगली आहे. खांब चांगले होते, आधीचेसुद्धा. अकरा वर्षं मीच बंद करत होते, लोकांनी मला नावं ठेवू नयेत म्हणून. ...नाही, कुणी सांगितलं नव्हतं. मीच. ...अनारकान? ...शिव्या दे हवं तर. मी फोन ठेवत नाही.